आत्याचं मनन

माझ्या आत्याएवढं परमेश्वरावर संतापलेलं आणि परमेश्वरावाचून एक दिवसही राहू न शकणारं माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात दुसरं नसेल. जिल्ह्याबाहेरचं मला माहीत नाही. असलंच कुणी, तर त्या दोघांची गाठ पडू नये एवढीच माझी इच्छा आहे. बाकीचे लोक प्रार्थना करतात, आत्या तक्रार नोंदवते. गुडघे टेकायला डॉक्टरांनी बंदी केल्यापासून ती पहाटे पाचला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते, पदर खोचते आणि आदल्या दिवसाच्या कारभारावर बोलू लागते. "समोरच्या सुनेला काल तिसऱ्यांदा ॲडमिट केलं. तिसऱ्यांदा! तुला मी सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं. ऐकतोस की नुसता 'हो हो' करतोस?" आवाज असा की दोन घरं सोडून राहणाऱ्यांनाही समोरची सून कोण ते कळावं. वरच्या मजल्यावर नवे बिऱ्हाडकरू आले, तेव्हा त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "तुमच्या आत्या रोज पहाटे फोनवर कुणाला एवढं झापतात हो?" मी म्हटलं, "वरिष्ठांना."

पस्तीस वर्षं तिने मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. लग्न केलं नाही. माझी आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आत्या एक पेटी आणि एक स्टोव्ह घेऊन आमच्या घरी आली आणि आल्या आल्या वडिलांना म्हणाली, "या पोराची नखं बघ. घर आहे की काय आहे?" तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. आज ती शहात्तर वर्षांची आहे आणि माझी नखं अजूनही बघते. मी पन्नाशी ओलांडली आहे, बँकेत ऑफिसर आहे, याचा तिच्यावर काहीएक परिणाम झालेला नाही.

संतापायला तिला जिवंत माणूसच लागतो असं नाही. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, माणसांवरही ती तितक्याच मनापासून चिडते. जलप्रलयाची गोष्ट निघाली की ती हमखास विचारणार, "एवढी जनावरं नौकेत भरली, त्यांचं शेण कुणी काढलं? त्या नौकावाल्याच्या बायकोनं. आणि तिचं नावसुद्धा लिहून ठेवलेलं नाही." उधळ्या मुलाच्या दाखल्यात ती थोरल्या, घरी राहून राबणाऱ्या भावाच्या बाजूची. माशाच्या पोटात तीन दिवस काढणाऱ्या संदेष्ट्याबद्दल तिचं मत असं, की माणूस कामचुकार, पण निदान शेवटी देवाच्या तोंडावर रागावला. मात्र तिचा सगळ्यात जुना राग आहे तो त्या दोन बहिणींच्या गोष्टीवर. एक बहीण प्रभूच्या पायाशी बसून ऐकत राहते, दुसरी बिचारी स्वयंपाकघरात राबते, आणि कौतुक होतं ते बसणारीचं. आमच्या चर्चचे आधीचे पाळकसाहेब एका रविवारी यावर उपदेश करत होते. विषय रंगात आला होता. "आपणही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्याच्या पायाशी बसायला शिकलं पाहिजे," असं ते म्हणाले आणि तिसऱ्या बाकावरून आत्या उठली.

"साहेब, माफ करा. पाहुणे जेवून गेले की उपाशी गेले?"

पाळकसाहेब चाळीस वर्षं उपदेश करत होते, पण त्यांना मधेच कुणी प्रश्न विचारला नव्हता. "म्हणजे... शास्त्रात तसा स्पष्ट उल्लेख नाही..."

"जेवूनच गेले असणार. मग त्या स्वयंपाक करणारीचे कुणी आभार तरी मानले का, एवढं बघून पुढच्या रविवारी सांगा." आणि ती बसली. बायकांच्या बाजूने खोकल्याची एक मोठी लाट आली. ती खोकल्याची नव्हती, हे पुरुषांच्या बाजूलाही कळलं.

अशा बाईच्या ताब्यात आमच्या चर्चच्या मंडळीने आपली सगळी मुलं दर मे महिन्यात दहा दिवस दिली, आणि एक-दोन नव्हे, तब्बल सव्वीस वर्षं. सुट्टीतली शास्त्रशाळा, जिला मुलं व्हीबीएस म्हणतात, ती आत्याच चालवायची. सकाळी आठच्या ठोक्याला फाटकात उभी राहून ती प्रत्येकाचे कान, नखं आणि डोकं तपासायची आणि मगच आत सोडायची. एका डॉक्टरांचा मुलगा उवा सापडल्या म्हणून परत गेला होता. डॉक्टर भांडायला आले, तर आत्याने त्यांचंही डोकं तपासलं. आत गाणी, गोष्टी, पाठांतराचं वचन, कागदाची कबुतरं. साडेदहाला लिंबू सरबत आणि चुरमुऱ्यांचा भत्ता. सरबतात साखर किती यावर ती आणि मंडळीतल्या इतर बायका दर वर्षी भांडायच्या आणि दर वर्षी आत्या जिंकायची. मुलं तिला सिस्टरआजी म्हणायची, तिला घाबरायची, आणि अकराव्या दिवशी विचारायला यायची की शाळा खरंच संपली का.

आता जे सांगतो ते सांगताना मला आजही संताप येतो. निम्मा कमिटीवर आणि निम्मा स्वतःवर. गेल्या वर्षी मंडळीची नवी कमिटी निवडून आली आणि मी तिचा सेक्रेटरी झालो. एप्रिलमधल्या सभेत विनय नावाच्या आमच्या तरुण सभासदाने लॅपटॉप उघडला. मुलगा वाईट नाही, सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, कळकळीचा आहे. पण त्याला प्रत्येक गोष्ट पडद्यावर दाखवावी लागते. त्याने व्हीबीएसचं प्रेझेंटेशन केलं होतं. मोठा स्क्रीन, गाण्यांचे व्हिडिओ, टी-शर्ट, पुण्याहून येणारी एक टीम. सगळ्यात शेवटची पाटी होती 'सीनियर सिटिझन्सचा सन्मान', आणि तिच्याखाली आत्याचा फोटो. शाल, श्रीफळ, दोन शब्द.

"सिस्टरबाईंनी आता आराम करावा," एक सभासद म्हणाले. "या वयात प्रार्थनेकडे लक्ष द्यावं."

"त्यांना अगदीच बाजूला नको काढायला," नवे पाळकसाहेब म्हणाले. हे वयाने लहान, बोलायला मऊ. "मी या वर्षी रोज अर्धा तास मननाचा ठेवणार आहे. शांतता, आत्मपरीक्षण. मुलांना त्याची फार गरज आहे. तो अर्धा तास सिस्टरबाईंनी घ्यावा."

अरे, ज्या बाईने सव्वीस उन्हाळे उभ्याने काढले, तिला तुम्ही डोळे मिटून बसायला सांगता? हे मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. सगळ्यांचे हात वर गेले, तसा माझाही गेला. वर हे तिला सांगायचं काम माझ्याकडेच आलं, कारण मी घरातला.

मी संध्याकाळी सांगितलं. आत्या मेथी निवडत होती. मी वाट बघत होतो की आता ताट आदळेल, कमिटीतल्या एकेकाच्या आजोबांचा उद्धार होईल. तसं काही झालं नाही. तिने मेथीच्या काड्या एका बाजूला केल्या आणि विचारलं, "हात सगळ्यांनी वर केले?"

"हो."

"तुम्हीपण?"

ते 'तुम्ही' तिथेच थांबलं नाही. पुढचे तीन दिवस आत्या मला 'अहो' म्हणत होती. "सेक्रेटरीसाहेब, चहा ठेवलाय." "अहो, तुमचा डबा." माझी बायको पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी गप्प झाली, तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "जाऊन पाया पडा, नाहीतर मीपण अहोजाहो सुरू करीन." मी म्हटलं, तू ते आधीपासूनच करतेस. पण गेलो. आत्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शाल घेणार नाही. शाल मेलेल्यावर घालतात. मनन घेते."

मननाचा पहिला दिवस फसला. साठ मुलं व्हरांड्यात, मे महिन्यातली साडेनऊची उन्हं, आतमधून पुण्याच्या टीमचा माईक टेस्ट होतोय, आणि आत्या म्हणते आहे, "डोळे मिटा. हलू नका." मुलं तीन मिनिटं बसली. मग कुणीतरी कुणाला चिमटा काढला, चिंचेवरचा कावळा ओरडू लागला, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की सगळ्यात आधी आत्यानेच डोळे उघडले आणि त्या कावळ्याला दम भरला. मुलं खो खो हसली. घरी येताना ती रस्ताभर धुमसत होती. "नुसतं बसायचं म्हणे! हात रिकामे ठेवून कुणाला विचार सुचतो? दवाखान्यात बँडेजच्या घड्या घालताना मला जेवढा देव आठवला, तेवढा बाकावर बसून कधी आठवला नाही."

दुसऱ्या दिवशी ती दोन मोठे डबे घेऊन निघाली. त्यात रव्याचं घट्ट भिजवलेलं पीठ होतं. व्हरांड्यात तिची जुनी पांढरी, स्वच्छ धुतलेली नोकरीतली लुगडी अंथरली. मुलांना रांगेने हात धुवायला लावले, नखं पाहिली, आणि प्रत्येकाच्या तळहातावर पिठाची एकेक गोळी ठेवून गव्हले वळायला शिकवले. खीर करायला उन्हाळ्यात घरोघरी हे वळतात. गव्हाच्या दाण्याएवढा दाणा, दोन बोटांच्या चिमटीत अलगद फिरवायचा आणि कापडावर टाकायचा. "बोलायचं नाही," आत्या म्हणाली. "एकेका दाण्याला एकेक माणूस आठवा. आवडतं आठवा, नावडतं आठवा. ज्याच्यावर राग आहे तो आधी."

मी सुट्टी काढून मदतीला गेलो होतो, म्हणून हे सांगू शकतो. साठ मुलं अर्धा तास गप्प होती. दाणे वाकडे, लांबट, चपटे पडत होते. काहींचे तर शेंगदाण्याएवढे. पण व्हरांड्यात आवाज होता फक्त पंख्याचा. एक धटिंगण पोरगा, ज्याला आईबापसुद्धा आवरू शकत नव्हते, जीभ बाहेर काढून दाणा वळत होता, आणि मधेच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने खांद्याला पुसलं. कुणाचा दाणा होता, देव जाणे.

संध्याकाळी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वादळ उठलं. कुणी लिहिलं, उपासनेच्या जागेत वाळवणं घालायची का? कुणी लिहिलं, हायजीनचं काय? एका गृहस्थांनी तर 'बालमजुरी' हा शब्द वापरला. हे तेच गृहस्थ, ज्यांचा मुलगा घरी पाण्याचा ग्लाससुद्धा उचलत नाही. विनयने फोन करून मला सांगितलं, "काका, प्लीज त्यांना समजवा. शेड्यूलमध्ये 'सायलेंट रिफ्लेक्शन' लिहिलंय." मी म्हटलं, "सायलेंट होतं रे, मी तिथे होतो." तो म्हणाला, "पण पीठ नव्हतं ना शेड्यूलमध्ये!"

चौथ्या दिवशी पाळकसाहेब स्वतः बघायला आले आणि दाराशी उभे राहिले. त्या दिवशी शेवटच्या रांगेत ललिता नावाची एक मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची, सुरगाण्याकडची. तिची आई त्याच्या आदल्या पावसाळ्यात वारली होती, बाप मजुरीसाठी गाव सोडून फिरत होता, म्हणून तिला इथे मावशीकडे आणून ठेवली होती. मावशी जवळच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. ललिता तीन दिवसांत एक अक्षर बोलली नव्हती. गाण्याला तोंड उघडत नव्हती, टी-शर्ट दिला तो घडी करून मांडीवर ठेवला होता. गव्हले मात्र ती सगळ्यांत सुरेख वळायची, एकसारखे, तांदळासारखे बारीक.

आत्या तिच्याशेजारी येऊन बसली. बसायला तिला दोन मिनिटं लागली, कारण गुडघे. ललिताने मान वर न करता विचारलं, "आजी, देवाला आयकू येत नाय का?"

हळू विचारलं, पण त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं. हातांच्या साठ जोड्या थांबल्या. पाळकसाहेब दारातून एक पाऊल पुढे आले. त्यांच्याकडे उत्तर असणार, ते शिकून आले होते. आत्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते थांबले.

"का गं?" आत्याने विचारलं.

"मी लय सांगितलं त्याला. आई आजारी व्हती तवा. रोज सांगितलं."

आत्याने एक दाणा वळला, मोडला, पुन्हा वळला. तिला शब्द शोधावे लागताहेत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग ती म्हणाली, "मलापण तसंच वाटतं पोरी. म्हणून तर मी ओरडते."

"मग आयकतो का?"

"माहीत नाही. पण मी त्याला सोडत नाही. तूपण सोडू नकोस. रागाव. मनात धरून गप्प बसू नकोस, त्याच्या तोंडावर रागाव."

ललिताने हातातला दाणा कापडावर टाकला आणि रडायला लागली. आवाज करून, नाक ओढत, जसं लहान मुलांनी रडायला हवं तसं. आत्याने तिला जवळ घेतलं नाही. पिठाने भरलेले हात हवेत धरून ती तिच्या शेजारी नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने ललिताच तिच्या अंगावर रेलली. पाळकसाहेबांनी चपला काढल्या, बादलीपाशी जाऊन हात धुतले आणि त्या धटिंगण पोराशेजारी मांडी घालून बसले. त्याने त्यांना पीठ दिलं आणि कसं वळायचं ते दाखवलं. पाळकसाहेबांचे गव्हले फारच वाईट होते.

त्या दिवशी परत येताना आत्याने रिक्षा नको म्हटलं. उन्हात छत्री उघडून आम्ही चालत होतो. मधेच ती थांबली. "तुझी आई गेली तेव्हा तू मला असं काही विचारलं नाहीस."

"नाही."

"का रे?"

मी विचार केला. "तू तेव्हा रोज पहाटे खिडकीशी गुडघे टेकून भांडायचीस. मी पांघरुणातून ऐकायचो. मला वाटायचं, माझ्या वाटचं तूच विचारते आहेस."

ती पुन्हा चालू लागली. छत्री माझ्या डोक्यावर जरा जास्त कलंडली आणि पुढचा रस्ताभर तिचा एक खांदा उन्हात राहिला.

दहाव्या दिवशी त्या गव्हल्यांची खीर झाली. स्क्रीनवर कार्यक्रमाचे फोटो सरकत होते आणि मुलं पाठमोरी बसून खीर खात होती. आता सगळं सुरळीत झालं असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. या मार्चमधल्या सभेत पाळकसाहेबांनी मनन पुन्हा सिस्टरबाईंकडेच द्यावं असं सुचवलं. मी उठून बोललो, तब्बल दहा मिनिटं. माझा आवाज एवढा चढला की चहावाला कपांसकट दारातून मागे फिरला. मी म्हटलं, गेल्या वर्षी मी हात वर केला त्याची मला शरम वाटते. तुम्हाला शांतता हवी आहे, पण ज्या प्रश्नासाठी ती लागते तो प्रश्न नको आहे. विनयने मान खाली घातली, आणि मतदानात हात आमच्या बाजूने वर केला. तरीही आम्ही हरलो. 'वेळेअभावी' मननाचा कार्यक्रम रद्द, असा ठराव झाला, आणि सेक्रेटरी म्हणून तो मलाच लिहावा लागला.

घरी येऊन मी राजीनामा लिहायला घेतला. आत्याने कागद ओढून घेतला. "राजीनामा कसला देतोस? आत बसून भांड. बाहेर जाऊन भांडणाऱ्याला कुणी विचारत नाही." मग म्हणाली, "माझं मी ठरवलंय. ललिता मेमध्ये गावी जातेय, बाप तिथे येणार आहे. मी तिच्याबरोबर जाते महिनाभर. तिथल्या मुलांच्या डोक्यात उवा असतील."

मी चिडलो. या वयात, त्या घाटातून, पाणी नाही, दवाखाना लांब. बायको चिडली, मुलगी चिडली. आमच्या घरात असा सामुदायिक संताप पूर्वी झाला नव्हता. आत्या शांतपणे पेटी भरत होती.

गेल्या सोमवारी सकाळी मी दोघींना जीपपर्यंत पोचवायला गेलो. जीपमध्ये माणसं, कोंबड्या, सिमेंटची गोणी. पुढच्या सीटवर ड्रायव्हरला धरून चौघं बसणार होते, त्यावरून आत्याने लगेच हरकत घेतली. "अहो, गिअर कुठे टाकणार तुम्ही? माझ्या गुडघ्यात?" ड्रायव्हर म्हणाला, "आजी, रोजचं हाय हे, बसा." ललिता दोघांच्या मधे दाटीवाटीने बसून हसत होती. हसली की तिचा एक सुळा अर्धा आलेला दिसायचा.

जीप सुरू झाली तेव्हा आत्याने मला खिडकीशी बोलावलं. मला वाटलं, गॅस बंद केला का, औषधं घे, असलं काही असेल. ती अगदी हळू म्हणाली, "थकायला होतं रे. एवढी वर्षं रागावून थकायला होतं. पण मी गप्प बसले तर त्याला वाटेल, मी मान्य केलं."

मी काही म्हणायच्या आत जीप हलली. वळणावर ललिताने हात हलवला. आत्याने नाही, ती ड्रायव्हरला काहीतरी समजावत होती. धूळ खाली बसली, पुढची जीप लागली, लोक चढू लागले. मी मात्र तिथेच कडेला उभा राहिलो, टोपी काढली, आणि तिला सांभाळ, एवढंच देवाला मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायचा विचार आला होता. पण रस्त्यात, एवढ्या माणसांत, मला ते जमलं नाही.